हिरव्या वेलाचं बी

"ताई, बियाणं तं तुम्ही खाई गयात!"

बचत गटाच्या बैठकीत आक्का असं म्हणाल्या आणि सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही मनातून जाईना, कारण ते खरंच होतं.

झालं असं, की जळगावला घरामागे मी गंगाफळाचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, सहा वेल लावले होते. दसऱ्याच्या सुमारास पानांवर भुरी आली, कुणी पीठ चाळून ठेवल्यासारखी. पाच वेल पिवळे पडून वाळले. कोपऱ्यातला सहावा मात्र दिवाळीपर्यंत हिरवागार! त्याची फळं लहान, म्हणून मी त्यांची भाजी केली आणि बिया भाजून मुलांना दिल्या. बियाणं ठेवलं ते सगळ्यात मोठ्या फळाचं. तेच हौसेने गटात वाटलं. पुढच्या वर्षी बायकांच्या बांधावरचे बहुतेक वेल पांढरे झाले, फळं पोसलीच नाहीत. दिवाळीच्या बाजारावर आशा ठेवून बसलेल्या त्या बायकांसमोर उभं राहायची मला लाज वाटली.

भुरी ही बुरशी. तिचे बीजाणू वाऱ्यावर येतात. कोरडी हवा आणि पहाटेचा गारवा तिला मानवतो. पानं ओली असायलाही लागत नाहीत. गंधक फवारतात, पण कडक उन्हात त्यानेच वेलांची पानं करपतात. त्यापेक्षा भुरी सोसणारा वेलच निवडला तर?

शास्त्रज्ञही हेच करतात. १९२५ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, खरबुजांवर भुरीने कहर केला. ती सोसण्याचा गुण सापडला तो भारतातून गेलेल्या बियाण्यात! त्यातून १९३६ मध्ये 'पीएमआर ४५' हे वाण आलं. पण दोनेक वर्षांतच भुरीचा नवा प्रकार निघाला आणि पुन्हा शोध सुरू झाला. भोपळ्यासाठी कॉर्नेल विद्यापीठाने मेक्सिकोतल्या रानटी भोपळ्याचा गुण संकर करून आणला. आपल्याकडे बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचं 'अर्का माणिक' टरबूजही भुरीला चांगलं तोंड देतं.

आपल्याला प्रयोगशाळा नको, डोळा हवा. गंगाफळाच्या पानांवर मुळातच पांढरट ठिपके असतात. बोटाने पुसून पाहा, पीठ निघालं तर ती भुरी. सगळे वेल एकाच वेळी लावा. मधमाश्या या फुलाचं त्या फुलाला करतात, म्हणून उद्या उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधून ठेवा. सकाळी त्याच वेलाचं नर फूल मादी फुलात फिरवा, फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा लावा. असं प्रत्येक वेलावर करा. मग भुरी आल्यावर जो वेल हिरवा राहील, त्याचंच दोऱ्याचं फळ बियाण्याला. फळ कडू निघालं तर मात्र खायचंही नाही आणि बीही ठेवायचं नाही. एखादा वेल नशिबानेही वाचतो, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं तेच बी पुन्हा लावून पारखायचं.

धुळ्याला माहेरी आई गिलक्याच्या एका फळाला चिंधी बांधायची. "हे बियाण्याचं, हात लावू नका," म्हणायची. मी बी.ए. झाले, पण ती आधी वेल निरखायची आणि मगच फळ निवडायची, हे माझ्या लक्षात आलं ते आत्ता.

यंदा आक्कांच्या बांधावर पांढऱ्या वेलांमध्ये एक वेल हिरवा राहिला. त्याचं लाल दोऱ्याचं फळ त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिलं. बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून मी ते राखेत घालून डब्यात ठेवलंय. परवा आक्कांचा फोन आला. ना नमस्कार, ना चौकशी. पहिलाच प्रश्न :

"ताई, खाई तं नही गयात ना?"