फुटबॉलमध्ये रोजीरोटी आहे काय?

पनवेलच्या कॉलेजांत असा एखादा खेळाडू हमखास सापडतो. अंगात ताकद, पायांत वेग. पण गोल होत नाहीत आणि विद्यापीठाच्या संघात नाव लागत नाही. दुकानावर बसलेला बाप विचारतो, यात पोट भरेल काय? आम्ही हा प्रश्न धंद्याच्या हिशोबानेच पाहतो.

पूर्वी मुंबईत बँका, रेल्वे, एअर इंडिया यांचे संघ खेळाडूला पगारी नोकरी देत. पुढे ही दारे अरुंद झाली. महिंद्र युनायटेडसारखा नामवंत संघही २०१० मध्ये बंद पडला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, करारांचे आकडे वाढले. पण २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरून तिचाच हंगाम रखडला. पैसा आहे, शाश्वती नाही.

उशिरा यश मिळणारेही असतात. मुंबईचा बचावपटू राहुल भेके एअर इंडियाकडून खेळून पुढे गेला. भारतीय संघात तो २०१९ मध्ये प्रथम खेळला, तेव्हा त्याचे वय २८ होते.

आमचा सल्ला असा. ताकद हे भांडवल आहे, हुन्नर नव्हे. हुन्नर तालमीनेच येतो. गोल होत नसतील तर मुलाला बचावात खेळवून पाहावे. दोन हंगामांची मुदत द्यावी, मुंबईच्या क्लबांत चाचणी द्यायला लावावी. पदवी मात्र सोडू देऊ नये. ठराविक दर्जाचे पदक मिळाल्यास राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. प्रशिक्षकाचा परवाना आणि पंचगिरी हेही मार्ग आहेत. मुदत संपली आणि जमले नाही, तर दुकान आहेच. तिथेही हीच मेहनत कामाला येईल.