घरातील प्राध्यापकाचे समाधान आणि आपले आरोग्य

वाचकहो, आपला मुलगा, कन्या किंवा सून खासगी महाविद्यालयात अध्यापन करीत असेल, तर त्यांच्या कामातील समाधानाचा आपल्या प्रकृतीशीही निकटचा संबंध आहे. आम्हा वणीच्या डॉक्टरांना तो नित्य दिसतो. रक्तदाब तपासण्यास आलेले आजोबा स्वतःविषयी थोडेच बोलतात. "पोरगा प्राध्यापक आहे, पण अजून परमनंट नाही," हे मात्र हमखास सांगतात.

या वाक्यामागील वास्तव समजून घ्यावे. एकाच महाविद्यालयात अनुदानित पदावरील प्राध्यापकास शासकीय अनुदानातून वेतन मिळते, तर तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यास घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते आणि सुटीत तेही थांबते. दोघेही नेट, सेट किंवा पीएच.डी. झालेले असू शकतात. कायम झालेल्यांनाही चिंता आहेच. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना सामान्यतः जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडले की, समाधान प्रत्यक्ष कामातून व कौतुकातून लाभते. असमाधान वेतन, अस्थिरता आणि व्यवस्थेतून उपजते. म्हणूनच वर्गात रमणारा शिक्षक घरी खिन्न असू शकतो. त्याला कृतघ्न किंवा आळशी समजू नये. संशोधक योहान्स सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये, श्रम अधिक व मोबदला अल्प ही स्थिती हृदयासही अपायकारक ठरते, असे प्रतिपादन केले.

सततचा थकवा, कामाविषयी तुटलेपणा आणि 'माझ्या हातून काही होत नाही' ही भावना, ही कामाच्या ताणाने खचल्याची तीन लक्षणे जागतिक आरोग्य संघटनेने नोंदविली आहेत. त्यांच्या जोडीला झोप उडणे, डोकेदुखी, चिडचिड दिसल्यास रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. घसा तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. निराशा दाटली किंवा जगणे नकोसे वाटते असे शब्द कानी आले, तर ते थट्टेवारी नेऊ नयेत. त्या व्यक्तीस एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो.

आता आपल्याविषयी. मुलाची ओढाताण पाहून अनेक ज्येष्ठ रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात आणि ते घरी कळू देत नाहीत. ही काटकसर घातक आहे. अशाने पक्षाघात झाला, तर वर्षभराच्या गोळ्यांहून कितीतरी अधिक खर्च त्याच मुलावर पडेल. जनऔषधी केंद्रांत औषधे स्वस्त मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. त्याचा लाभ निःसंकोच घ्यावा.

आणि सायंकाळी तो घरी आला की "परमनंट कधी होणार?" असे विचारू नये. त्याचे उत्तर त्याच्या हाती नाही. "आज वर्गात काय शिकवलेस?" असे विचारावे. याचे उत्तर त्याच्यापाशी आहे, आणि ते देताना त्याला बरे वाटेल.