संगणकातील फेरफार आणि त्याची पडताळणी

सातबाराच्या उताऱ्यापासून शिधावाटपापर्यंत जनतेची अनेक कामे आज संगणकांवर अवलंबून आहेत. संगणकाने कसे चालावे याची एक मांडणी ठरवून दिलेली असते व तीत वेळोवेळी बदल करावे लागतात. असा बदल नीट तपासला गेला नाही तर काय ओढवते, याचा प्रत्यय १९ जुलै २०२४ रोजी आला.

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा प्रणालीसाठी मांडणीची नवी फाईल जगभर धाडली. तिला २१ बाबींची माहिती अपेक्षित होती. प्रणाली २० बाबीच पुरवीत होती. तपासणीच्या यंत्रणेतच दोष असल्याने ही तफावत निसटली. ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली गेली. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना तिचा फटका बसला. भारतातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. बंद पडलेल्यांपैकी असंख्य संगणक एकेक करून हातानेच दुरुस्त करावे लागले.

यातील मर्म ग्रामीण जनतेस अपरिचित नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १५० नुसार तलाठ्याने फेरफाराची नोंद केली म्हणजे काम संपत नाही. तिची प्रत चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांना लेखी सूचना जाते, हरकत आल्यास तिची स्वतंत्र नोंद होते आणि त्यानंतर वरिष्ठ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. लिहिणारा एक व तपासणारा दुसरा, हे या पद्धतीचे सार होय.

संगणक सेवांचे व्यवस्थापन करणाऱ्या प्रणालींतही हेच तत्त्व लागू पडते. प्रत्येक बदलाची मागणी, कारण व मंजुरी यांची नोंद असावी. बदल प्रथम मोजक्या संगणकांवर व नंतर टप्प्याटप्प्याने सर्वत्र करावा. मंजूर झालेले व प्रत्यक्षात झालेले एकच आहे काय, हे दुसऱ्या व्यक्तीने ताडून पाहावे. पूर्वस्थितीवर येण्याचा मार्ग आधीच निश्चित असावा. विनानोंद बदल आढळल्यास त्याचा तत्काळ शोध घ्यावा.

ही दक्षता म्हणजे कामातील दिरंगाई नव्हे. कार्यालयातील एक चुकीचा बदल दूरच्या खेड्यातील शेतकऱ्याला उताऱ्यावाचून परत पाठवू शकतो. त्याचा हेलपाटा वाचविणे हाच पडताळणीचा खरा हेतू आहे.