अर्ज फेटाळला म्हणजे न्याय संपला नाही!

गरिबाला शिक्षा झाली की घरचे कपाळावर हात मारतात आणि अपील फेटाळले गेले की आशाच सोडतात. शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांत कातकरी, ठाकूर, वारली, बौद्ध वस्तीतला कर्ता माणूस तुरुंगात गेला की पुढे काय करायचे हे सांगणारा कुणी नसतो. 'मोठ्या कोर्टाने नाही म्हटले, आता काय उरले?' हा समज किती घातक आहे, ते कसारा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या नाशिकच्या एका खटल्याने दाखवून दिले आहे.

२००३ साली तेथे एका कुटुंबावर दरोडा, खून आणि बलात्काराचा भीषण प्रसंग ओढवला. भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. फेरविचार अर्जही फेटाळला गेला. सारे दरवाजे बंद!

पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला, की फाशीच्या प्रकरणातील फेरविचार अर्ज खुल्या न्यायालयात ऐकला पाहिजे. आधी अर्ज फेटाळले गेलेल्यांनाही दार उघडले. २०१८ साली जुना निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता! प्रत्येकी पाच लाख भरपाई मिळाली. पण सोळा वर्षे कोण भरून देणार? आणि ज्या कुटुंबाचा घात झाला, त्याला तरी कुठे न्याय मिळाला?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, सर्वोच्च न्यायालयातील अपिलांच्या चर्चेत, फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते. त्या द्रष्टेपणाची किंमत या सहा जणांकडे पाहून कळते.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो आपणहून घरी चालत येत नाही. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल मोफत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच महाराष्ट्रातील होस्कोट खटल्यात सांगितले. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना आणि कोठडीतील प्रत्येकाला उत्पन्न न पाहता मोफत वकील देऊ केला. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात साठ दिवसांत, फाशी असेल तर तीस दिवसांत अपील करावे लागते. उशीर झाला तरी सबळ कारण दाखवून माफी मागता येते. कैद्याला तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येते.

म्हणून आमचे शहापूर-मुरबाडच्या कार्यकर्त्यांना सांगणे आहे : जयंती-मोर्चे जरूर करा, पण तुरुंगात माणूस असलेल्या प्रत्येक घरी जाऊन तीन प्रश्नही विचारा. निकालाची नक्कल मिळाली का? अपील दाखल झाले का? वकील कोण? उत्तर 'नाही' आले, तर त्या माणसाला घेऊन तालुका विधी सेवा समितीचा उंबरठा गाठा. साठ दिवस फार लवकर सरतात.