सुट्टी मुलांची, जबाबदारी साऱ्या वस्तीची

जयंतीचे निळे झेंडे अजून गल्लीत फडकत आहेत आणि मुलांच्या परीक्षाही आटोपत आल्या आहेत. आता विदर्भात जून संपत येईपर्यंत शाळेची घंटा वाजणार नाही. ज्यांच्या घरी गार खोली आहे आणि दिवसभर कोणीतरी मोठे माणूस आहे, त्यांच्यासाठी सुट्टी म्हणजे आंबे आणि मामाचे गाव. आपल्या वस्तीत बाप बांधकामावर जातो, आई चार घरची धुणीभांडी करते आणि मुले टिनाच्या खोलीत नाहीतर उन्हात असतात. शाळा होती तोवर निदान अर्धा दिवस मुलांवर कोणाची तरी नजर होती, दुपारची खिचडी होती. सुट्टी लागली की दोन्ही जाते.

म्हणून या महिन्याचे आरोग्य पान आम्ही सुट्टीतल्या मुलांसाठी ठेवले आहे. यातली बहुतेक कामे विनाखर्चाची आहेत. काही एकट्या आईला जमणार नाहीत, ती साऱ्या वस्तीने करायची आहेत.

ऊन लागणे

लहान मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते आणि खेळाच्या नादात त्याला तहान कळत नाही. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत मुले सावलीत हवीत. टिनाचे घर दुपारी भट्टीसारखे तापते, तेव्हा घरात बसणे म्हणजे सावलीत बसणे नव्हे. टिनावर पांढरा चुना मारला तर ऊन बरेचसे परतते. हिरवी जाळी किंवा ओले पोते टाकले आणि समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी ठेवली तर आणखी फरक पडतो.

मूल मागेल तेव्हा पाणी, ही पद्धत उन्हाळ्यात चालत नाही. तासा-दीड तासाने पाणी पाजा. ताक, कैरीचे पन्हे, भाताची पेज, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी यांतले काहीही चालेल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचे पाणी नको. अंगावरचे दूध जास्त वेळा पाजा आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी झाली किंवा सहा तासांत झालीच नाही तर पाणी कमी पडते आहे, एवढे ओळखा.

खिशात कांदा ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. कांदा जेवणात जरूर खावा, पण खिशातला कांदा ऊन थांबवत नाही. डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला बरा.

मूल चटके बसावे इतके तापले, बरळू लागले, झटके आले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. अशा वेळी बाहेरची बाधा, नजर यांत एक मिनिटही घालवू नका. आधी अंग थंड करा, मग वाहन शोधा. सावलीत न्या, कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता, पुठ्ठ्याने वारा घाला, काखेत आणि मानेला ओल्या पट्ट्या ठेवा. तापाची गोळी या तापावर काम करत नाही. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. दुसऱ्या कोणीतरी तोवर १०८ ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणे चालू ठेवावे.

हगवण आणि वांती

उन्हाळ्यात नळ कमी वेळ येतो. नाल्याजवळून गेलेल्या फुटक्या पाइपात घाण शिरते, टँकरचे पाणी उघड्या ड्रममध्ये राहते. पाणी उकळून किंवा आशाताईंकडून क्लोरीनच्या गोळ्या घेऊन, पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे वापरा. माठात ग्लास बुडवू नका, लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. बर्फाचा गोळा कोणत्या पाण्याचा आहे हे कोणालाच माहीत नसते, म्हणून तो टाळलेला बरा.

जुलाब सुरू झाले की मूल जंतूपेक्षा पाणी संपल्याने दगावते. त्यावरचे औषध स्वस्त आहे : ओआरएस. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित बनगावच्या छावणीत आले आणि तिथे कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे तीस होते, ते चाराच्या आत आले. जी सेवा छावणीतल्या आयांनी केली, ती आपल्या वस्तीतली कोणतीही आई करू शकते.

मोठे पाकीट असेल तर सगळे एकाच वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात घाला. अर्धे पाकीट, अंदाजाने पाणी, असे करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. वांती झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पाजा. चोवीस तासांनी उरलेले द्रावण फेकून द्या. झिंकच्या गोळ्या आशाताई देतात, त्या चौदा दिवस पुऱ्या करा. खाणे आणि अंगावरचे दूध बंद करू नका.

मेडिकलमध्ये खोक्यातली गोड पेये मिळतात, ती ओआरएस नव्हेत. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू परतते, शौचात रक्त आहे, मूल सुस्त आहे किंवा काहीच पीत नाही, तर थेट दवाखाना गाठा. वाटेतही ओआरएस पाजत राहा.

कूलर, ड्रम आणि खदान

कूलरमध्ये पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढा, प्रत्येक वेळी. हे काम मुलांना सांगू नका. अर्थिंग नसलेला कूलर ओल्या हाताच्या मुलाचा जीव घेऊ शकतो. कोणी चिकटले तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा. कूलरची टाकी आणि ड्रम आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ड्रम आणि बादली झाकून ठेवा, रांगत्या बाळाला बुडायला वीतभर पाणी पुरते.

मोठी मुले पोहायला बंद पडलेल्या खदानीत, कालव्यात, शेततळ्यात जातात. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर पाय घसरतो आणि बाहेर येता येत नाही. खदानीत एका पावलावर कमरेइतके आणि दुसऱ्या पावलावर पुरुषभर पाणी असते. एक बुडतो, त्याला वाचवायला दुसरा उडी घेतो, आणि एका गल्लीतून दोन तिरड्या निघतात. मुलांना पाठ करून घ्या : उडी मारायची नाही, ओरडायचे, आणि दोर, साडी किंवा रिकामा बंद डबा फेकायचा. बाहेर काढलेल्याचे पोट दाबू नका, उलटे टांगू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे लागते. हे तासाभरात शिकता येते. प्रत्येक वस्तीतल्या दहा तरुणांनी जवळच्या आरोग्य केंद्राकडे या प्रशिक्षणाचा आग्रह धरावा.

कुलूप लावून जाऊ नका

कामावर जाताना मुलांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावणाऱ्या आया आम्हांला ठाऊक आहेत. त्यांना बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. दुसरा मार्ग नसतो. पण आग लागली, शॉक बसला तर त्या कुलपाने मूल अडकते. दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर भावंड देऊन जाणे हाही मार्ग नव्हे. तिचीही सुट्टी आहे, तिलाही खेळ आणि पुस्तक हवे. आणि एकट्या मुलाला त्रास देणारा बहुधा ओळखीचाच निघतो. कोणी नको तिथे हात लावला तर ओरडायचे, पळायचे आणि आईला सांगायचे, हे मुलगा-मुलगी दोघांनाही शिकवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन रात्रंदिवस चालू असतो.

मार्ग आपल्याच वस्तीत आहे. आपले विहार दुपारी बंद का असते? पक्क्या छताची, पंख्याची ती बहुधा वस्तीतली एकमेव मोठी जागा आहे. सकाळी दहा ते पाच ती मुलांसाठी उघडा. दोन माठ, सतरंज्या, चित्रांचे कागद, गोष्टींची पुस्तके, ओआरएसची दहा पाकिटे. निवृत्त मंडळी, महिला मंडळ आणि कॉलेजची मुले पाळीने दोन-दोन तास बसतील. एका वेळी दोघे असावेत, एकटा कोणी नको. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी केला तरी सुट्टीभराचा खर्च निघतो.

महावग्गात एक कथा आहे. अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याला धुतले, उचलून निजवले आणि संघाला समजावले की तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? विहारात आजारी मुलाला ओआरएस पाजणे हेही वंदनाच आहे.

आपण जे करू ते करूच, पण हक्क सोडायचा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते माणूस म्हणून असलेल्या अधिकारासाठी. आजही वस्तीच्या नळाला पाणी नसणे हा नशिबाचा प्रश्न नाही. अहमदाबादने २०१३ साली उष्म्यापासून बचावाचा आराखडा केला, पुढे नागपुरातही तो झाला. त्यातले आपल्या वस्तीसाठी काय, हे नगरसेवकाला आणि महापालिकेला लेखी विचारा : टँकरच्या वेळा, दुपारी उघडी उद्याने, दवाखान्यात थंड खोली आणि ओआरएस. अर्जाची पोच घ्या.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर दहा मिनिटे थांबा आणि तीनच गोष्टी ठरवा : विहाराची किल्ली कोणाकडे, पाळी कोणाची, अर्ज कोण लिहिणार. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा हजेरीत प्रत्येक नावाला ‘हजर’ असे उत्तर आले पाहिजे.

जय भीम.