बलदंड गायकी आणि हळुवार गीतें

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जातांना वाटेंत मूर्तिजापूर हें स्थानक लागतें. एके काळीं येथून यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन दिशांस अरुंद रुळांच्या गाड्या सुटत, आणि त्यांच्या मार्गानें वऱ्हाडचा कापूस बाहेर जाई. याच गांवीं १९०१ सालीं कवि अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांचा जन्म झाला. आणि येथेंच १९२० सालीं गायक वसंतराव देशपांडे जन्मास आले. एकानें मराठी कवितेस मुक्तछंदाची वाट दाखविली. दुसऱ्यानें अनपेक्षित वळणांच्या, विजेसारख्या तानांनीं मैफली गाजविल्या. पुढें एकाची कविता दुसऱ्याच्या गळ्यांतून महाराष्ट्रानें ऐकिली. मात्र असल्या हळुवार गीतांचा विषय निघाला कीं वसंतरावांच्या चाहत्यांतच दोन तट पडतात.

हा वाद समजण्यासाठीं त्यांच्या गायकीची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. त्यांचें बालपण नागपुरांत गेलें आणि आरंभींचें शिक्षण शंकरराव सप्रे यांच्यापाशीं झालें. ‘कालियामर्दन’ या १९३५ सालच्या बोलपटांत त्यांनीं कृष्णाची भूमिका केली. लाहोरास असद अली खां यांच्याकडून त्यांनीं मारवा राग आत्मसात केला. मास्टर दीनानाथांच्या आवेशपूर्ण गाण्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा होता. पुण्यास लष्करी हिशेब खात्यांत नोकरी करीत असतांही त्यांची साधना अखंड चालू राहिली. १९६७ सालीं ‘कट्यार काळजात घुसली’ हें नाटक रंगभूमीवर आलें आणि त्यांतील खांसाहेबांच्या भूमिकेनें त्यांचें नांव घरोघर पोहोंचलें. अवघड जागीं स्वर पकडावा, लयीशीं खेळ करावा, श्रोत्यास धक्का देऊन समेवर अलगद उतरावें, अशी त्यांची रीत होती.

याच गायकानें श्रीनिवास खळे यांच्या चालीवर वा. रा. कांतांचें ‘बगळ्यांची माळ’ गायिलें. यशवंत देवांच्या चालींवर अनिलांचीं ‘कुणी जाल का’ आणि ‘वाटेवर काटे’ हीं गीतें गायिलीं. यांपैकीं कोणत्याही गीतांत तानांची आतषबाजी नाहीं.

एका पक्षाचें म्हणणें असें कीं, ज्याच्या गळ्यांत एवढें सामर्थ्य आहे त्यानें तीन-चार मिनिटांच्या गीतांत तें कोंडून ठेवूं नये. सुंदर चाल चांगल्या गळ्याचा कोणीही गाऊं शकेल. परंतु वसंतरावांचा मारवा वसंतरावांनींच गावा. या आक्षेपास एक व्यावहारिक बाजूही आहे. एखादें गीत लोकप्रिय झालें म्हणजे मैफलींत त्याची फर्माईश होऊं लागते. रात्र मर्यादित असते. जेवढा वेळ फर्माइशीस जातो तेवढा रागाच्या विस्तारांतून वजा होतो. हें नुकसान काल्पनिक नव्हे.

दुसऱ्या पक्षाची दृष्टि निराळी आहे. वऱ्हाडांतील लहान गांवीं रात्रभराची मैफल ऐकण्याचा योग कितीकांस येणार? १९४८ सालीं नागपूर नभोवाणी केंद्र सुरू झाल्यावर पुष्कळ घरांत गाणें आलें तें त्या पेटींतून. ज्यास ख्यालाचें व्याकरण ठाऊक नव्हतें त्यासही गीताचे शब्द कळत होते, आणि त्या शब्दांच्या आधारें तो स्वरापर्यंत पोहोंचत होता. शिवाय वऱ्हाडास हा गीतप्रकार परका नाहीं. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गोविंद नारायण जोशी यांनीं ध्वनिमुद्रिकेवर गायिली, तेव्हांपासून मराठी भावगीताचा प्रवाह वाहूं लागला असें मानण्यांत येतें. आपल्याच मातींतून उगवलेल्या गीतास दुय्यम कां लेखावें, असा या पक्षाचा प्रश्न आहे.

निर्णय करण्यापूर्वीं दोन्ही प्रकारांचें कार्य पाहिलें पाहिजे. ख्यालांत शब्द थोडे असतात. स्थायी आणि अंतरा मिळून चार ओळी. त्यांच्या आधारें गायक अर्धा-पाऊण तास रागाचें रूप उलगडीत जातो. तेथें शब्द ही खुंटी आणि स्वर हें वस्त्र. भावगीतांत कविता आधीच पूर्ण झालेली असते, आणि चाल संगीतकारानें बांधून दिलेली असते. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारें सव्वातीन मिनिटेंच मिळत, त्यामुळें वाद्यांच्या जागाही मोजूनमापून ठरत. यशवंत देवांनीं या गायनास ‘शब्दप्रधान गायकी’ म्हटलें आणि त्याच नांवाचें पुस्तक लिहिलें. या गायकींत गायकाच्या हातीं स्वातंत्र्य उरतें तें फार सूक्ष्म: शब्दाचा उच्चार, श्वास घेण्याची जागा, स्वरास स्पर्श करण्याची रीत, एखादी लहानशी मुरकी.

‘कुणी जाल का’ या गीतांत हें स्वातंत्र्य स्पष्ट दिसतें. रात्रीच्या वेळीं कोकिळेनें गाऊं नये, असा निरोप तिला कोणी तरी नेऊन द्यावा, एवढीच त्या कवितेंतील विनवणी आहे. ज्याचें अंतःकरण दुखावलें आहे त्यास सुरेल आवाजही सोसवत नाहीं, हा त्यांतील भाव. आतां, गाणें थांबवा अशी विनवणी जर एखाद्या गायकानें तानांची बरसात करून केली, तर कवितेचा अर्थच नाहींसा होईल. वसंतराव येथें गळा आंवरून गातात. आणि त्या आंवरण्यामागें केवढा वेग उभा आहे याची जाणीव श्रोत्यास होत राहते. ज्याच्या गळ्यांत मूळचा वेगच नाहीं, त्याच्या संयमास हें वजन येत नाहीं.

त्यांच्या आवडत्या मारव्याकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. या संध्याकाळच्या रागांत पंचम वर्ज्य आहे, रिषभ कोमल आणि मध्यम तीव्र आहे. षड्ज हें खरें घर. परंतु मारव्याचा गायक तेथें विसांवण्याचें लांबणीवर टाकतो, आणि त्या लांबणींतूनच रागाची हुरहूर निर्माण होते. हातचें राखून ठेवणें ही कला ख्यालाच्या बाहेरची नव्हेच. गीतांत ती थोड्या जागेंत वावरते, एवढेंच.

असा वाद मराठी रसिकांपुरता नाहीं. इंग्लंडांतील ‘जेनेसिस’ या वाद्यमेळानें १९७२ सालीं सुमारें तेवीस मिनिटांची एक गुंतागुंतीची रचना प्रसिद्ध केली. त्याच मेळाचें साधें, मृदु प्रेमगीत १९७८ सालीं लोकप्रिय झालें, तेव्हां जुन्या चाहत्यांपैकीं कांहींनीं नाक मुरडलें आणि नवे श्रोते मात्र आनंदले. इकडे ख्यालांत नवे मार्ग काढणाऱ्या कुमार गंधर्वांनींही अनिलांचें ‘अजुनी रुसून आहे’ गायिलें. बुद्धीस आव्हान देणारा कलावंत हळुवार झाला कीं त्याचा चाहता बावरतो, कारण कठीण कलेची ओळख करून घेण्यासाठीं त्यानें स्वतः श्रम केलेले असतात. सोपें गीत आवडणाऱ्यास ते श्रम पडले नाहींत, ही बोच त्या नाराजींत पुष्कळदां दडलेली असते.

अनिलांच्या बाबतींतही न्यायाचा हाच प्रश्न येतो. ‘भग्नमूर्ति’ हें दीर्घ काव्य १९४० सालीं देणारा हा कवि छंदाचें बंधन झुगारणारा म्हणून गाजला. पण १९७७ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या ‘दशपदी’ला, म्हणजे दहा ओळींची मर्यादा स्वखुषीनें पत्करणाऱ्या कवितांना. त्या दहा ओळींस कोणी माघार म्हटलें नाहीं. मग वसंतरावांच्या चार मिनिटांसच तें नांव कां द्यावें?

तात्पर्य, फर्माइशीमुळें राग मागें पडूं नये, ही पहिल्या पक्षाची चिंता रास्त आहे, आणि तिचें उत्तर श्रोत्यांनींच आपल्या मागणीस आळा घालून द्यावयाचें आहे. परंतु गीताचें मोल त्यांतील तानांच्या संख्येवर ठरवूं नये. गळ्यानें कवितेचा अर्थ वाढविला कीं दडपला, ही त्याची खरी कसोटी. वसंतराव १९८३ सालीं निवर्तले; त्यांच्या ध्वनिमुद्रिका मात्र उपलब्ध आहेत. एखाद्या संध्याकाळीं आधीं त्यांचा मारवा लावावा, आणि तो संपून क्षणभर शांतता झाली कीं ‘कुणी जाल का’ ऐकावें. मूर्तिजापूरच्या त्या दोन देशपांड्यांविषयीं कोणत्या पक्षास मिळावयाचें, हें मग ज्याचें त्यानें ठरवावें.