समुद्रतळाची साक्ष : 'वासा' युद्धनौकेची कथा

बुडालेलें जहाज म्हटलें कीं सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें सोन्यानाण्यांनीं भरलेल्या पेट्या उभ्या राहतात. परंतु पुराणवस्तुसंशोधक समुद्राच्या तळाशीं उतरतो, तो धनाच्या लोभानें नव्हे. जी हकीकत कागदावर उतरली नाहीं, ती लांकडाच्या व लोखंडाच्या तोंडून ऐकावी, हा त्याचा हेतु असतो. स्वीडनच्या 'वासा' या युद्धनौकेची कथा या दृष्टीनें मनन करण्यासारखी आहे.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ हा पोलंडशीं झगडत होता. बाल्टिक समुद्रावर वर्चस्व मिळविण्यासाठीं त्यानें मोठ्या युद्धनौका बांधावयास काढल्या. त्यांपैकीं 'वासा' ही एक. तिच्यावर तोफांचे दोन मजले होते आणि तोफा होत्या ६४. तिचें काम हेन्रिक हिबर्टसन या डच कारागिराकडे होतें. परंतु तें पुरें होण्यापूर्वींच, १६२७ सालीं, तो निवर्तला. नौका निघण्याच्या आधीं तीस माणसांना तिच्या पाटणीवरून एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे धांवावयास लावून तिचा तोल पाहण्यांत आला. ती इतकी डोलूं लागली कीं, परीक्षा मध्येंच थांबवावी लागली. तरीही नौका थांबली नाहीं. कारण दूर रणांगणावर असलेल्या राजाची निकड मोठी होती.

१० ऑगस्ट १६२८ रोजीं 'वासा' स्टॉकहोमच्या बंदरांतून निघाली. जेमतेम १३०० मीटर अंतर गेल्यावर वाऱ्याच्या एका झोतासरशीं ती कलली, खालच्या तोफखिडक्यांतून पाणी आंत शिरलें आणि किनाऱ्यावरील लोकांच्या देखत ती तळाशीं गेली. सुमारें ३० जीव गेले. रीतसर चौकशी झाली. पण नौका राजाला मान्य असलेल्या मापांबरहुकूम बांधली होती, आणि मुख्य कारागीर तर हयात नव्हता! मग दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा? अखेर कोणासही शिक्षा झाली नाहीं.

पुढें १६६० नंतरच्या दशकांत पाणबुडे या नौकेपाशीं उतरले. उपडें भांडें पाण्यांत दाबलें असतां आंत हवा कोंडून राहते. त्याच तत्त्वावर केलेल्या धातूच्या मोठ्या घंटेंत उभे राहून, काळोखांत व गारठ्यांत त्यांनीं पन्नासांहून अधिक तोफा वर काढल्या. पराक्रम खराच, परंतु त्यांना हवी होती ती केवळ तोफांची धातु. तिच्यापायीं त्यांनीं पाटणीच्या फळ्या उचकटून टाकल्या.

खऱ्या शोधाला आरंभ झाला तो १९५६ सालीं. आंदर्स फ्रान्झेन या अभियंत्यानें एक साधा विचार केला होता. लांकूड पोखरणारा जो शिंपल्याच्या जातीचा किडा इतर समुद्रांत जहाजें फस्त करतो, त्याला बाल्टिकचें कमी खारें पाणी मानवत नाहीं. तेव्हां तेथें जुनी नौका शाबूत असली पाहिजे. गोव्याजवळ सुंची नांवाच्या खडकापाशीं १९९७-९८ सालीं सतराव्या शतकांतील एका पोर्तुगीज जहाजाचा शोध झाला. तेथें हातीं आले ते तोफा, हस्तिदंत आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे. स्टॉकहोमला मात्र फ्रान्झेनच्या हत्याराच्या टोंकास काळ्या पडलेल्या ओकचा तुकडा लागून आला, आणि मागून सबंध नौकाच हातीं आली. पाणबुड्यांनीं तिच्या पोटाखालून सहा बोगदे खणले, त्यांतून पोलादी दोर ओंवले, आणि २४ एप्रिल १९६१ रोजीं, ३३३ वर्षांनीं, 'वासा' पाण्याबाहेर आली.

जें चौकशीमंडळास साधलें नाहीं, तें आतां मोजपट्टीनें साधलें. वरचा भाग फार जड आणि पाण्याखालचा भाग त्या मानानें अरुंद, हें लांकडें मोजून सिद्ध झालें. नौकेंत कारागिरांच्या मोजपट्ट्या सांपडल्या. कांहीं स्वीडिश फुटाच्या, तर कांहीं त्याहून आंखूड अशा ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या! एकाच नौकेवर दोन मापें चालत होतीं. सांपडलेल्या हाडांपैकीं एक सांगाडा दीर्घकाळ पुरुषाचा समजला जात होता. तो स्त्रीचा असल्याचें २०२३ सालीं जाहीर झालें.

परंतु साक्षीदारास वर आणणें म्हणजे त्याचा सांभाळ पत्करणें होय. लांकूड सुकून तडकूं नये म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल या द्रव्याचा फवारा तिच्यावर सतरा वर्षें चालू ठेवावा लागला. १९९० सालीं तिच्यासाठीं खास संग्रहालय उघडलें. तरीही २००० सालीं असें दिसून आलें कीं, लांकडांत मुरलेला गंधक आणि लोखंडी खिळ्यांचा गंज यांच्या योगानें आंतल्या आंत आम्ल तयार होत आहे.

म्हणूनच 'वासा'च्या पाठच्या बहिणीची गोष्ट बोधप्रद ठरते. १६२९ सालीं पाण्यांत सोडलेली 'एपलेट' ही युद्धनौका थोडी अधिक रुंद बांधली होती. ती अनेक वर्षें चालली, आणि १६५९ सालीं मुद्दाम बुडविण्यांत आली. डिसेंबर २०२१ मध्यें ती व्हाक्सहोमजवळ सांपडली. पाणबुडे तिच्यापर्यंत गेले, त्यांनीं मापें घेतलीं, लांकडाचे नमुने तपासले आणि तिला तेथेंच राहूं दिलें. पहिल्या नौकेच्या मापांत कारागिरांनीं कोठें सुधारणा केली, हें कळावयास तेवढें पुरेसें होतें.